दुभत्याच्या कपाटातला चहा

अण्णांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, दुपारचा चहा तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी बंद केला. सकाळी एक कप चालेल, दुपारनंतर चहा-कॉफी नको, असं सांगितलं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही आणि छातीत जळजळ, ही दोन्ही दुखणी जुनीच होती. अण्णांनी मान डोलावली, घरी आले आणि चार वाजता नेहमीसारखे गॅलरीत खुर्ची ओढून बसले. आयुष्यभर प्रतापनगरच्या रेल्वे कचेरीत नोकरी केलेला माणूस, चार वाजले की हातात कप हवाच. मी पाण्याचा पेला दिला. त्यांनी तो रिकामा केला, खाली ठेवला आणि तसेच बसून राहिले. मला ते बघवेना.

पहिला उपाय कुणालाही सुचेल तोच मला सुचला. तुळस, आलं, मिरी, दालचिनी घालून काढा उकळला, गुळाचा खडा टाकला आणि गाळून दिला. एक घोट घेऊन अण्णा अगदी शांतपणे म्हणाले, "सूनबाई, हे औषध आहे. औषधाची वेळ सकाळची. मला चहा हवाय गं."

त्यांचं खरं होतं. २०२० च्या मार्चअखेरीस आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदोनदा घ्या असं सुचवलं, तेव्हापासून जवळजवळ दोन वर्षं आमच्या घरात तो रोज उकळत होता. त्या वासाला त्या दिवसांची आठवण चिकटलेली आहे. अण्णांचे कचेरीतले दोन मित्र त्या काळात गेले. त्यामुळे काढ्याचा कप त्यांच्यापुढे पुन्हा ठेवायचा नाही, एवढं मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

हवा होता तो चहाच. गरम, सुवासिक, घशाला न टोचणारा, कपबशीत शोभणारा, फक्त चहाच्या पानाशिवायचा. आपण गवती चहा, तुळशीचा चहा असं सहज म्हणतो, पण काळा, हिरवा, पांढरा असे खऱ्या चहाचे सगळे प्रकार कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झाडाचे, आणि झोप उडवणारं कॅफीन त्याच्याच पानातलं. गवती चहा हे नुसतं गवत, ऊस-ज्वारीच्या कुळातलं. त्यात कॅफीन नाही. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी हरकत घेतली नाही.

पुण्याहून नणंदेने तयार पुड्यांचं एक खोकं पाठवलं. खोक्यावर हिरवीगार पात, आत तपकिरी भुगा. गरम पाण्यात बुडवल्यावर त्याला ओल्या पेंढ्याचा वास आला. ती मायेने पाठवते, म्हणून मी तिला काही बोलले नाही, पण तो वास का आला हे मात्र डोक्यात घोळत राहिलं. मी सव्वीस वर्षं एका रसायनांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये काढली आहेत. एखादी गोष्ट बिघडली की ती नेमकी कुठल्या पायरीवर बिघडली हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही.

बडोद्यात गवती चहाला तोटा नाही. इथे त्याला लीली चा म्हणतात, आणि दुधाच्या चहात लीली चा आणि फुदिना नाही असं घर विरळाच. खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेऊन निघताना भाजीवाली आपणहून विचारते, "बेन, लीली चा ने फुदीनो भेगां आपी दउं?" आणि दोन्हींची एकत्र बांधलेली जुडी पिशवीत वर ठेवते. आमच्या घरच्या मराठीतही आता गवती चहा आणि लीली चा दोन्ही शब्द चालतात. सासूबाई शेवटपर्यंत गवती चहाच म्हणायच्या.

पहिली खेप मी मे महिन्यात वाळवली, आणि तीही अगाशीत, भर उन्हात. कुरड्या-पापड वाळवायची सवय, त्यामुळे दुसरं काही सुचलंच नाही. पारा बेचाळीसवर. सकाळी दहाला पंचावर पसरलेला पुदिना दुपारी दोनला कुरकुरीत झाला. मला आनंद झाला, पण चिमटीत चुरून नाकाशी नेला तर काहीच नाही. रंगही उडालेला, वाळक्या गवतासारखा. म्हणजे पाणी गेलं आणि त्याच्याबरोबर पुदिनाही गेला. पुडीतल्या पेंढ्याच्या वासाचं कोडं मला तिथे उलगडलं.

दुसरी खेप जुलैतली. ऊन नाही म्हणून पंख्याखाली वाळवली. चार दिवसांनी पानं वाळल्यासारखी वाटली, मी बरणीत भरली. पंधरा दिवसांनी झाकण उघडलं तर तळाशी पांढरी जाळी धरलेली. ती बरणीच्या बरणी फेकून दिली. बुरशी आलेला भाग काढून उरलेलं वापरायचं, असं पानांच्या बाबतीत कधीही करू नये. बुरशी दिसते तिथेच असते असं नाही.

मग मला दुभत्याच्या कपाटाची आठवण झाली.

आमचं जुनं घर दांडिया बाजारात होतं. ते सोडून मांजलपूरच्या सोसायटीत आलो तेव्हा सासूबाईंनी एकच जुनी वस्तू हट्टाने आणली, ती म्हणजे सागवानी दुभत्याचं कपाट. तिन्ही बाजूंना बारीक जाळी, आत तीन फळ्या, पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे म्हणजे मुंग्या चढत नाहीत. फ्रीज नव्हता तेव्हा दूध, दही, लोणी, विरजण सगळं त्यात असायचं. मांजलपूरला आल्यावर मात्र मागच्या गॅलरीत त्यात जुनी वर्तमानपत्रं आणि पायपुसणी पडून होती. वाळवणाला जे लागतं ते सगळं त्या कपाटात होतं. सावली, तिन्ही बाजूंनी खेळती हवा, आणि धूळ, माशी, कबुतर यांना मज्जाव. मी ते आतून-बाहेरून पुसलं, दोन दिवस उन्हात उघडं ठेवलं, फळ्या काढून त्यांच्या जागी नायलॉनच्या जाळीच्या चौकटी बसवून घेतल्या, म्हणजे हवा खालूनही येईल.

आणि थांबले डिसेंबरपर्यंत.

बडोद्याचा हिवाळा पानं वाळवण्यासाठीच केल्यासारखा असतो. हवा कोरडी, दुपारी अठ्ठावीस-तीस अंश, रात्री सुखद गारवा. दिवाळी सरली, तुळशीचं लग्न लागलं की माझा हंगाम सुरू होतो आणि तो साधारण फेब्रुवारीपर्यंत चालतो. उत्तरायणाचे दोन दिवस तेवढे सोडायचे, कारण मागच्या गॅलरीतही वरून मांजा लोंबत असतो आणि पोरांची धावपळ असते.

पहिल्या हिवाळ्यातली नोंदवही माझ्यासमोर आहे, त्यातली पुदिन्याची नोंद सांगते. देठ काढून, धुऊन, पंचात गुंडाळून पाणी टिपलेली पानं २५० ग्रॅम. दुसऱ्या दिवशी १२०, तिसऱ्या दिवशी ६०, चौथ्या दिवशी ४१, पाचव्या दिवशी ३८, सहाव्या दिवशीही ३८. वजन उतरायचं थांबलं म्हणजे जाण्याजोगं पाणी गेलं. लॅबमध्ये आम्ही १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये नमुना ठेवून वजन स्थिर होईपर्यंत तोलतो, तीच रीत, फक्त ओव्हनच्या जागी दुभत्याचं कपाट. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरतो. काटा नसेल तर पान दुमडून पाहा. नुसतं वाकलं तर थांबा, कट्कन मोडलं तर झालं. देठही मोडला पाहिजे, कारण पान वाळलं तरी देठ पाणी धरून ठेवतो, आणि माझी जुलैची बरणी त्या देठांनीच घालवली होती.

वाळल्यावरही मी आठ दिवस विश्वास ठेवत नाही. पानं काचेच्या बरणीत सैल भरायची, झाकण लावायचं आणि रोज सकाळी काचेवर आतून दमट धुकं दिसतंय का ते बघायचं. दिसलं तर पानं परत कपाटात. नाही दिसलं तर बरणी अंधाऱ्या फडताळात. उजेड वाळलेल्या पानाचा रंग आणि वास दोन्ही खातो. गॅसच्या वरच्या फळीवर सुंदर दिसतात म्हणून बरण्या मांडू नयेत, तिथे उष्णता आणि वाफ दोन्ही.

आता पानांबद्दल थोडं, कारण हे समजलं आणि माझा चहा बदलला.

पुदिना आणि तुळस यांचं सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरच असतं, डोळ्यांना न दिसणाऱ्या लहान लहान ग्रंथींमध्ये. म्हणून तर तुळशीवरून नुसता हात फिरवला तरी तळव्याला वास राहतो. पान चुरलं की या ग्रंथी फुटतात आणि तेल उडायला लागतं. त्यामुळे ही पानं अख्खीच वाळवायची, अख्खीच भरायची आणि चुरायची ती कपात टाकताना. बाजारातला बारीक भुगा इथेच मार खातो, कारण त्याचं तेल भुगा होतानाच गेलेलं असतं. धुतानाही हलक्या हाताने धुवावं, चोळलेलं पान वाळताना काळं पडतं.

गवती चहाचं उलट. त्याचं तेल पात्याच्या आतल्या पेशींमध्ये कोंडलेलं. अख्खी पात गरम पाण्यात टाकली तर ती तशीच तरंगत राहते, पाण्याला फारसं काही देत नाही. तिला कापावं लागतं. मी ती वाळवण्यापूर्वी, ओली असतानाच, कात्रीने अर्ध्या पेराएवढी कापते. वाळल्यावर ती इतकी चिवट होते की कापायला जावं तर चिरफळ्या होतात. पात्याच्या कडेला बारीक करवत असते, बोटं कापतात, तेव्हा जपून. त्यातला लिंबासारखा वास सिट्रालचा. सिट्राल लिंबाच्या सालीतही असतं, त्यामुळे वासाचं हे साम्य नुसतं भासापुरतं नाही.

एवढं सगळं करून पहिल्या हिवाळ्यात मी चहा केला तो कसा? पातेल्यात पाणी, त्यात पात, मोठा गॅस, पाच मिनिटं खळाखळा उकळी. घरभर इतका छान वास सुटला की नवरा खालून जिन्यातूनच विचारत आला, काय केलंयस. आणि कपात? कोमट चवीचं पिवळसर पाणी. अण्णा काही म्हणाले नाहीत, अर्धा कप ठेवला.

त्या रात्री ओटा पुसताना माझ्या लक्षात आलं. सुगंधी तेल काढायचं तंत्रच मुळी हे आहे. पानांतून वाफ सोडायची, वाफेबरोबर तेल वर येतं, ती वाफ थंड करून गोळा करायची. मी उघड्या पातेल्यात नेमकं तेच करत होते, फक्त गोळा करत नव्हते. घरभर दरवळलेला वास म्हणजे अण्णांच्या कपातून गेलेला चहा. इतकी वर्षं लॅबमध्ये काम करून हे मला चुलीपाशी सुचायला एक हिवाळा लागला.

तेव्हापासून पात उकळत नाही. पाण्याला उकळी आणते, गॅस बंद करते, बुडबुडे शांत झाले की किटलीतल्या पानांवर ओतते आणि झाकण घट्ट लावते. आठ मिनिटं. झाकण काढल्यावर आतल्या बाजूला थेंब जमलेले असतात, ते झटकून किटलीतच सोडते. त्या थेंबांचा वास घेऊन बघा कधी. सगळ्यात जास्त सुगंध तिथे असतो.

ओळखीच्या एका वैद्यबाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, याला फांट म्हणतात." शार्ङ्गधर संहितेत काढ्याचं प्रमाण वेगळं आणि फांटाचं वेगळं सांगितलंय, हे मला त्यांच्याकडून कळलं. काढ्याला एका भागाला सोळा भाग पाणी आणि आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. फांटाला चौपट गरम पाणी, पानांवर ओतायचं आणि गाळायचं, आटवणं नाही. आणि हिम म्हणजे सहापट थंड पाण्यात रात्रभर भिजवणं. साल, मूळ, काष्ठ यांना काढा, कोवळ्या आणि सुगंधी द्रव्यांना फांट किंवा हिम. एवढी स्वच्छ वाटणी आपल्याकडे शेकडो वर्षं लिहिलेली असताना आपण सरसकट सगळं उकळत राहतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आलं, दालचिनी उकळा, जरूर उकळा, त्यांना उकळावंच लागतं. पण तुळशीची पानं शेवटी, गॅस बंद केल्यावर टाका.

त्या प्रमाणांनी अण्णांच्या म्हणण्याचाही उलगडा झाला. चौपट पाण्यातला फांट हे औषध, ते वैद्याने मोजून द्यायचं. मी १८० मिलिलिटरच्या कपाला दोन ग्रॅम वाळलेली पानं घालते, म्हणजे नव्वदपट पाणी. औषध आणि चहा यांच्यामध्ये एवढं अंतर आहे. गोष्ट चांगली आहे म्हणून मूठभर टाकली की चहा पुन्हा काढ्याकडे सरकतो, आणि मग कुणी तो आवडीने पीत नाही.

पुदिन्याची हकिगत वेगळी सांगायला हवी. पहिल्या हिवाळ्यात माझ्या बरणीत अर्धा पुदिना असायचा, कारण पोटाला थंड म्हणून तो आपल्या मनात पक्का बसलाय. आठवडाभराने अण्णांची जळजळ पुन्हा वाढली. डॉक्टरांनी काय काय खाता-पिता ते विचारलं आणि पुदिना ऐकल्यावर थांबले. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला जी झडप असते ती पुदिन्याने काहींच्या बाबतीत सैल पडते, आणि आम्ल वर येणाऱ्या माणसाला त्याचा त्रास होऊ शकतो. मी माझ्या हाताने त्यांना तो त्रास दिला होता, याची मला फार टोचणी लागली. तेव्हापासून पुदिन्याची बरणी वेगळी, आमच्यासाठी. अण्णांच्या बरणीत पुदिना नाही.

मांडवीजवळ गांध्याच्या दुकानात, म्हणजे काष्ठौषधींच्या दुकानात, मी सुंठ आणायला गेले तेव्हा दुकानदारकाकांनी गोडीसाठी ज्येष्ठमध सुचवला. चव खरंच छान येते. पण अण्णांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि ज्येष्ठमध रोज घेतला तर रक्तदाब वाढू शकतो, अंगातलं पोटॅशियम कमी होऊ शकतं. तो मी आणला नाही. गोडीसाठी बडीशेप घेतली, कपाला अर्धा चमचा, खलबत्त्यात नुसती दबकवून. पूड नाही करायची, गाळणीतून गाळ उतरतो. घरात कुणी गरोदर असेल, कुणाला रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील, तर रोजच्या कपात काय जातंय ते डॉक्टरांना सांगावं. पानं आहेत, त्यांचा अंगावर परिणाम होतो, म्हणून तर आपण ती घेतो. आणि जे झाड खात्रीने ओळखता येत नाही त्याचं पान किटलीत टाकू नये, कुणी कितीही सांगितलं तरी.

पाण्याचंही सांगते. आमच्या सोसायटीत काही दिवस नळाचं पाणी कमी आलं की बोअरचं पाणी मिसळतात. ते जड पाणी. त्याचा चहा मंद लागतो, रंगही गढूळ. त्या दिवशी मी पिण्याचं गाळलेलं पाणीच वापरते. दांडिया बाजारात होतो तेव्हा अण्णा पहिल्या घोटालाच सांगायचे, आज आजव्याचं पाणी आहे. सयाजीराव महाराजांनी शहरासाठी बांधून घेतलेला तो तलाव, त्याच्या पाण्यावर अण्णांची पिढी वाढली, त्यामुळे जिभेला ती चव पक्की.

तुळस आमच्या दारातलीच. सासूबाईंनी लावलेल्या रोपाच्या मंजिऱ्यांतून उगवलेली ही आता कितवी पिढी कुणास ठाऊक. त्यांचे नियम मी पाळते. रविवारी तोडायची नाही, एकादशी-द्वादशीला नाही, दिवे लागल्यावर तर नाहीच. आधी हात जोडायचे, मग वरची दोन-चार पानं, कधीही अख्खी फांदी ओरबाडायची नाही. मंजिऱ्या खुडत राहिल्या की रोप पानांवर जोर धरतं. लवंगेसारखा जो वास येतो तो युजेनॉलचा, लवंगेत तोच असतो. तुळशीचं पान वाळवताना सगळ्यात नाजूक. एकावर एक पडलं की काळं. मी जाळीवर प्रत्येक पान सुटं ठेवते, वेळ जातो, पण संध्याकाळी अण्णा जवळ बसून गप्पा मारतात तेव्हाच हे काम होतं. हल्ली तेही चार पानं मांडतात. एकेक पान सरळ करून, फायलीतले कागद जुळवावेत तसं.

सोसायटीतल्या मुलांसाठी गोकर्णाची फुलंही वाळवते. त्याला वास जवळजवळ नाही, पण गर्द निळा रंग उतरतो आणि लिंबू पिळलं की डोळ्यांदेखत जांभळा होतो. मुलं तेवढ्यासाठी येतात. या वेळी आम्ही एका कपात लिंबू, एकात सोडा घालून पाहिला आणि मी त्यांना आम्ल-आम्लारी समजावून सांगितलं.

अण्णांच्या बरणीत आता काय असतं ते विचाराल, तर वजनाने तीन भाग गवती चहा, एक भाग तुळस, आणि करताना वरून बडीशेप. कडाक्याच्या थंडीत सुंठेचा चिमूटभर तुकडा. सुंठ ओल्या आल्यापेक्षा तिखट असते, वाळताना आल्यातल्या तिखट द्रव्याचं रूप बदलून ते जास्त झणझणीत होतं, म्हणून चिमूटच. साखर नाही, दूध नाही. सुरुवातीला दूध नसल्याने अण्णांना तो चहा वाटेना. मग मी पेला बाजूला ठेवून त्यांची जुनी निळ्या काठाची कपबशी काढली, बशीत बिस्किट ठेवलं, आणि कप कधीच कामासोबत हातात दिला नाही. चार वाजता, गॅलरीत, त्यांच्या खुर्चीशेजारी. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी चहा बशीत ओतला. बशीत ओतून फुर्रकन पितात तो फक्त चहा. औषध कुणी बशीत ओतत नाही. मी स्वयंपाकघरातून तो आवाज ऐकला आणि नोंदवहीत तारीख लिहून ठेवली, १९ जानेवारी.

गवती चहाचं बेट मला समोरच्या मासींनी दिलं. त्यांच्या अंगणातला ठोंब फार पसरला होता, कुदळीने फोडून एक फाळ मला दिली. मोठ्या रंगाच्या डब्याला खाली भोकं पाडून लावली. पावसाच्या तोंडावर लावलेली लगेच धरते. कापताना जमिनीपासून वीतभर ठेवून कापायची, मुळाशी ओरबाडायची नाही, म्हणजे महिना-दीड महिन्याने पुन्हा तेवढीच वाढते. दोनतीन वर्षांनी बेट मधून पोकळ व्हायला लागतं, तेव्हा फोडून पुन्हा लावावं. मासींना माझी वाळवलेली पात दिली तर त्यांनी ती दूध, साखर, चहापत्ती, आलं यांच्याबरोबर दहा मिनिटं उकळली आणि मला कप भरून दिला. झक्कास चहा होता तो. दुधाच्या स्निग्धांशात वास धरला जातो, त्यामुळे तिथे उकळणं अगदीच वाया जात नाही, असं मला वाटतं. त्यांची रीत त्यांच्या चहाला बरोबर आहे.

या हंगामातली पहिली बरणी संपत आली. आज मोजलं, ४६ ग्रॅम शिल्लक, अण्णांच्या एका कपाच्या हिशेबाने तेवीस दिवस. मधली चौकट मोकळी आहे. उद्या रविवार, तुळशीला हात लावायचा नाही, पण गवती चहा कापायला आलाय. सकाळी पातीवरचं दव उतरलं की नऊच्या सुमारास कापीन. अण्णांनी कात्रीला आजच धार लावून ठेवली आहे.